फिलिप ग्लास : एका स्वरकाराची साधना
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनात संगीतावर व्याख्यान आहे असे कळले की श्रोत्यांचे मन साहजिकच भास्करबुवा बखले, अल्लादियाखाँ किंवा बालगंधर्व या नावांकडे धावते. आज मात्र मी आपणांस या परिचित अंगणातून थोडे दूर नेणार आहे. आपल्या काळातील एका अमेरिकन स्वरकाराचे, फिलिप ग्लास यांचे, चरित्र व कार्य मी आपणांपुढे मांडणार आहे. हा विषय निवडण्याचे कारण केवळ कुतूहल नव्हे. आपल्या घरांतून मुलामुलींना गाणे शिकविण्याची हौस पुष्कळ आहे. परंतु एखाद्या मुलाने ‘मी जन्मभर हेच करीन’ असे म्हटले की त्याच घरात चिंतेचे सावट पसरते. त्या चिंतेचा विचार करावयास हे चरित्र फार उपयोगी आहे.

ग्लास यांचा जन्म ३१ जानेवारी १९३७ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे रेडिओदुरुस्तीचे व ध्वनिमुद्रिकांचे दुकान होते. ज्या तबकड्या खपत नसत त्या हा गृहस्थ रात्री घरी आणून लक्षपूर्वक ऐकत असे. त्या का खपत नाहीत हे समजून घेण्याचा त्याचा व्यापारी हेतू होता. ऐकता ऐकता बार्टोक, शोस्ताकोविच यांचे नवे आणि अवघड संगीत त्याला आवडू लागले, आणि ते त्याच घरात वाढणाऱ्या मुलाच्याही कानांवर पडत राहिले. न खपणाऱ्या मालातून एका स्वरकाराचा पाया घातला गेला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

मुलगा अत्यंत बुद्धिमान निघाला. वयाच्या पंधराव्या वर्षी तो शिकागो विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याने गणित व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. पदवीनंतर न्यूयॉर्कला जाऊन संगीत शिकण्याचा बेत त्याने सांगितला, तेव्हा आईने सावध केले की अशाने तूही आपल्या वादक नातेवाइकासारखा गावोगाव फिरत हॉटेलांतून आयुष्य काढशील. आई ग्रंथपाल होती, सुशिक्षित होती. तिची भीती आणि आपल्याकडील कोणत्याही आईची भीती यांत मला तर काही भेद दिसत नाही. मुलाने वाद घातला नाही. त्याने बाल्टिमोरजवळच्या पोलादाच्या कारखान्यात काही महिने नोकरी केली, पैसे साठविले आणि न्यूयॉर्कमधील ज्युलिअर्ड या विख्यात संगीतविद्यालयाचा मार्ग धरला.

पुढे १९६४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते पॅरिसला नादिया बुलांझे या विदुषींकडे गेले. पाश्चात्त्य संगीतात या बाईंचा दरारा मोठा होता. ग्लास यांनी तोवर अनेक रचना केल्या होत्या. तरी बाईंनी त्यांना स्वरमेळाच्या प्राथमिक धड्यांपासून पुन्हा आरंभ करावयास लावला. पदव्युत्तर शिक्षण पुरे झालेल्या माणसाने बाखच्या पाठांवर दिवसचे दिवस घालवावयाचे ही गोष्ट सोपी नव्हे. आपल्याकडे गुरूने शिष्याला वर्षानुवर्षे एकच राग घोटावयास लावल्याच्या कथा आपण अभिमानाने सांगतो. तीच तपश्चर्या सातासमुद्रांपलीकडेही असते, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

याच पॅरिसच्या वास्तव्यात त्यांची हिंदुस्थानी संगीताशी गाठ पडली. ‘चाप्पाक्वा’ नावाच्या एका चित्रपटासाठी पंडित रविशंकर संगीत देत होते आणि ते फ्रेंच वादकांसाठी पाश्चात्त्य लिपीत उतरविण्याचे काम ग्लास यांच्याकडे आले. तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते. ग्लास यांनी नेहमीप्रमाणे मात्रांच्या गटांमध्ये उभ्या रेघा आखल्या. त्यामुळे नको तेथे आघात पडू लागले, आणि उस्ताद पुनःपुन्हा सांगू लागले की हे बरोबर नाही. शेवटी ग्लास यांनी सर्व रेघा पुसून टाकल्या. तेव्हा त्यांना दिसले की पुढे आहे तो अखंड लयीचा प्रवाह. दोन-दोन, तीन-तीन मात्रांचे छोटे गट जोडीत जोडीत तो मोठा होत जातो. या एका दर्शनाने त्यांच्या संगीताची दिशा पालटली.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. ‘अखेर त्यांनी सारे आमचेच घेतले’ असे म्हणून मिशांवर ताव देण्याचा मोह आपल्याला होतो. तो खरा नाही. आपल्या तालात मात्रांची नुसती बेरीज नसते. समेकडे परतणारे आवर्तन असते. ग्लास यांनी बेरजेचे तत्त्व उचलले आणि त्यावर स्वतःची इमारत रचली. चारपाच स्वरांची एक लहानशी आकृती घ्यावयाची, ती अनेकदा म्हणावयाची, मग तीत एक स्वर वाढवावयाचा, पुन्हा म्हणावयाची. १९६९ मधील ‘म्युझिक इन फिफ्थ्स’ ही रचना या रीतीचा चांगला नमुना आहे. ऐकणाऱ्याला प्रथम वाटते की काहीच घडत नाही. थोडा धीर धरला तर कळते की सर्व काही सावकाश बदलत आहे.

न्यूयॉर्कला परतल्यावर १९६८ मध्ये त्यांनी स्वतःचा वादकवृंद उभारला. संगीतावर घर चालत नव्हते. म्हणून त्यांनी लोकांचे सामान हलविले, नळजोडणीची कामे केली, टॅक्सी चालविली. रॉबर्ट ह्यूज या प्रसिद्ध कलासमीक्षकाच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र बसवीत असता समीक्षकाने त्यांना ओळखले आणि तो थक्क झाला. आपण कलावंत आहोत हे खरे, पण कधीकधी नळ जोडणारेही असतो, अशा आशयाचे उत्तर देऊन ग्लास यांनी हातातले काम पुढे चालू ठेवले.

२५ जुलै १९७६ रोजी फ्रान्समधील आव्हिन्याँ येथे रॉबर्ट विल्सन यांच्या सहकार्याने रचलेला ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा त्यांचा ऑपेरा रंगभूमीवर आला. सुमारे पाच तासांचा हा खेळ मध्यंतराविना चाले; त्यात कथानक नाही, आणि गायक बहुतांशी अंक व स्वरनामेच गातात. सरगम ऐकत वाढलेल्या आपणांस यात फारसे नवल वाटू नये! त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरागृहात त्याचे प्रयोग तुडुंब गर्दीत झाले. तरीही पदरी कर्जच आले, आणि स्वरकार पुन्हा टॅक्सी चालवू लागला. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत हा क्रम चालू होता.

आता त्यांच्या ज्या कृतीशी आपला निकटचा संबंध आहे तिच्याकडे वळतो. ती म्हणजे ५ सप्टेंबर १९८० रोजी हॉलंडमधील रोटरडॅम येथे प्रथम सादर झालेला ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा. दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींचा लढा हा त्याचा विषय. त्याचे तीन अंक टॉल्स्टॉय, रवींद्रनाथ आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावांनी ओळखले जातात. सर्व संहिता भगवद्गीतेतून घेतलेली असून कॉन्स्टन्स डीजाँग यांनी ती योजिली आहे. विशेष हे की गायक ती मूळ संस्कृतातच गातात. वाद्यवृंदात तंतुवाद्ये, लाकडी सुषिरवाद्ये आणि ऑर्गन एवढेच आहे. पितळी तुताऱ्या नाहीत, नगारे नाहीत. अहिंसेच्या कथेला रणवाद्यांचा गजर नको, असाच अर्थ मी त्यातून घेतो.

अखेरचा अंक १९१३ च्या न्यूकॅसल मोर्चाचा आहे. या प्रसंगामागे एक महाराष्ट्रीय नाव उभे आहे, ते नामदार गोखल्यांचे. गिरमिट संपलेल्या हिंदी मजुरांवर दर वर्षी तीन पौंडांचा जाचक कर होता. १९१२ मध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा तो रद्द होईल असे आश्वासन त्यांना मिळाले. ते पाळले गेले नाही. गोखल्यांसारख्यांस दिलेला शब्द मोडला गेला हे गांधीजींना असह्य झाले, आणि खाणमजूर, स्त्रिया व मुले यांच्यासह तो मोर्चा निघाला. १९१४ मध्ये तो कर गेला. ग्लास यांच्या नाटकात शेवटी गांधीजी एकटे उरतात आणि गीतेच्या चौथ्या अध्यायातील वचने गातात. स्वर चढत जाणाऱ्या एकाच साध्या ओळीवर ही रचना उभी आहे. ती ओळ तीस वेळा येते. पाश्चात्त्य त्या स्वरमालेला फ्रिजिअन म्हणतात. आपल्याकडे तीच भैरवी थाटाची स्वरमाला होय. हा योगायोग असेल. परंतु भैरवीने मैफल संपविणाऱ्या आपल्या कानांना तो गोड वाटल्यावाचून राहत नाही.

१ डिसेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये याच नाटकाचा प्रयोग सुटला, तेव्हा रंगगृहाबाहेर आर्थिक विषमतेविरुद्ध निदर्शने चालली होती. चौऱ्याहत्तर वर्षांचे ग्लास स्वतः तेथे गेले आणि नाटकातील त्या अखेरच्या वचनांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी म्हणून दाखविला. जमाव ओळीमागून ओळ त्यांच्यामागे म्हणत राहिला.

पुढील कार्य विपुल आहे. १९८४ मध्ये ‘आखनातन’ आला. विज्ञान, राजकारण व धर्म या क्षेत्रांतील तीन पुरुषांची त्रयी पूर्ण झाली. १९८७ ची व्हायोलिन-रचना त्यांनी वडिलांची आवड मनात धरून केली. १९९० मध्ये रविशंकरांसह ‘पॅसेजेस’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. ‘कुंदुन’ व ‘द अवर्स’ या चित्रपटांचे संगीतही त्यांचेच. त्यांच्यावर एकसुरीपणाचा आक्षेप प्रथमपासून घेण्यात आला आणि तो सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. त्यांच्या काही रचना एकमेकींची सावली वाटतात. परंतु नामस्मरणाला पुनरुक्ती म्हणून दोष न देणाऱ्या समाजाने हा आक्षेप घेण्यापूर्वी थोडे शांतपणे ऐकावे, एवढीच विनंती.

बंधुभगिनींनो, संगीतात उतरलेल्या प्रत्येक मुलाचा फिलिप ग्लास होतो, असे खोटे आश्वासन मी देणार नाही. पुष्कळांना कीर्ती मिळत नाही, पैसाही मिळत नाही. पण या चरित्रातून दोन गोष्टी निश्चित शिकण्यासारख्या आहेत. एक, कलेचा भार दुसऱ्यावर न टाकता हाताने कष्ट करून तिला पोसता येते, आणि त्या कष्टात कमीपणा नाही. दुसरी, आपण पालकांनी मुलाला द्यावयाचे ते केवळ भांडवल नव्हे. ज्या वडिलांनी न खपणाऱ्या तबकड्या घरी आणून ऐकल्या, त्यांनी मुलाला कान दिला. तो देणे आपल्यापैकी प्रत्येकाच्या आवाक्यात आहे. आपल्या घरातील मूल काही अनोळखी, अवघड असे गाऊ-वाजवू लागेल तेव्हा त्याला थांबविण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसून शेवटपर्यंत ऐकावे, एवढे मागणे आपणांपुढे ठेवतो.