बाळाची गोधडी आणि डांबरगोळी



लेक बाळंतपणासाठी माहेरी आली की पेटीतली गोधडी बाहेर निघते. जुन्या सुती लुगड्यांची ही गोधडी उत्तमच. धोका आहे तो तिच्या घड्यांतील डांबरगोळ्यांचा. त्यांतील नॅप्थॅलीनची वाफ श्वासावाटे व त्वचेतून अर्भकाच्या शरीरात शिरते. ज्या बालकांत 'जी-६-पीडी' हे विकर जन्मतःच कमी असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी त्यामुळे फुटतात, कावीळ वाढते व प्रसंगी मेंदूस कायमची इजा होते. ही उणीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेतला. ऊन येथे मुबलक. प्रसूतीच्या महिनाभर आधीच गोधडी धुवावी, उन्हात वाळवावी. वास उरल्यास ती बाळास घालू नये. ग्रामसभेत व अंगणवाडीत एवढे आवर्जून सांगावे, ही विनंती.