‘कल्ट’ म्हणताना आपण बोट कोणाकडे दाखवतो? सिरसाच्या डेऱ्याविषयी

(विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासमंडळात दिलेलं व्याख्यान, छापण्यासाठी थोडं आटोपशीर केलेलं.)



मंडळाने मला प्रश्न दिला आहे : डेरा सच्चा सौदा हा धर्मपंथ मानायचा की कल्ट? माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी ताटकळत बसायला नको. सिरसाच्या त्या आवारात, गुरूच्या निवासाभोवती जे चाललं होतं, त्याला मी बेलाशक कल्ट म्हणेन. पंजाब-हरियाणातल्या गावोगावच्या लाखो ‘प्रेमीं’ना मात्र म्हणणार नाही. ही पळवाट वाटत असेल तर पुढचं ऐका आणि मग भांडा.

२५ ऑगस्ट २०१७ ला पंचकुलाच्या सीबीआय न्यायालयाने डेराप्रमुख गुरमीत राम रहीम सिंग याला दोन साध्वींवरच्या बलात्काराबद्दल दोषी ठरवलं. जमावबंदी होती, तरी त्या दिवशी शहरात हजारो प्रेमी दोन-तीन दिवस आधीपासून रस्त्यांवर, बागांमध्ये मुक्काम ठोकून होते. निकाल आला, जाळपोळ झाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तीसहून अधिक माणसं मेली. तीन दिवसांनी शिक्षा झाली, वीस वर्षांची : दोन गुन्ह्यांसाठी दहा-दहा, एकापाठोपाठ एक भोगायची. त्या आठवड्यात टीव्हीवर या जमावासाठी वापरले गेलेले शब्द तुम्हाला आठवत असतील. अडाणी, मेंढरं, अंधभक्त. विद्यापीठातही तेच, फक्त इंग्रजीतून. ही माणसं तिथे का गेली असतील, हे विचारायची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

ती कोण होती? डेरा १९४८ चा. राधास्वामी परंपरेतून आलेल्या मस्ताना बलुचिस्तानी यांनी सिरसाला सुरू केला. १९६० मध्ये गादी शाह सतनाम सिंग यांच्याकडे गेली आणि १९९० मध्ये गुरमीत सिंगकडे. अनुयायांमध्ये सगळ्या जातींचे लोक आहेत, पण पंजाबच्या माळवा भागात आणि हरियाणाच्या पश्चिमेकडे डेऱ्याचा पाया दलित आणि भूमिहीन कुटुंबांमध्ये रुंद आहे. पंजाबात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ३१.९ टक्के. देशातल्या कुठल्याही राज्यात हे प्रमाण इतकं नाही. जमीन मात्र त्यांच्या हातात नावापुरती. शीख धर्मात जात नाही असं ग्रंथ सांगतो, पण कित्येक गावांत जाट शिखांचा गुरुद्वारा वेगळा, मजहबी आणि रविदासियांचा वेगळा, स्मशानही वेगळं. लंगरात आपली पंगत एक असली तरी वाढपी कोण आणि भांडी कोण घासतं, हे ज्याला कळायचं त्याला कळतं.

अशा माणसाला डेऱ्यात काय मिळतं? नाव मिळतं. २००७ पासून डेऱ्याने अनुयायांना आडनावाच्या जागी ‘इन्सां’ लावायला सांगितलं. इन्सां म्हणजे माणूस. या सभागृहातल्या बहुतेकांना आडनावाचं वजन मी समजावून सांगायला नको. पहिल्या तासाला हजेरी घेताना सरांचा आवाज कुठल्या आडनावापाशी किंचित थांबतो, हे आपण सगळे ओळखतो. तिथे कोणीतरी म्हणतं की ते टाक, आजपासून तू नुसता माणूस. शिवाय दारू सोडायची. नवऱ्याची दारू सुटली की मजुरी करणाऱ्या बाईच्या घरात काय बदलतं, यासाठी समाजशास्त्राची पदवी लागत नाही. शिवाय हुंड्याशिवाय लग्नं, रक्तदान, आजारपणात धावून येणारी माणसं. मी याला भ्रम म्हणायला तयार नाही.

माळव्यातल्या एका घरात मुलाने कॉलेजच्या फॉर्मवर आडनाव ‘इन्सां’ लिहिलं होतं. जातीच्या दाखल्यावर दुसरंच नाव, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. बाप म्हणाला, सरकारी कागदासाठी जुनं ठेव, घरात इन्सां राहू. डेऱ्याने जात पुसली नाही. तिच्यावर एक चांगला सदरा चढवला. पण ज्याच्याकडे सदराच नव्हता त्याला तो सदरा मोठा वाटणारच.

आणि एक गोष्ट, जी वाचून मी बराच वेळ थांबले होते. गावपातळीवर नामचर्चा भरवणाऱ्या, माणसं गोळा करणाऱ्या सेवकाला डेऱ्यात वर्षानुवर्षं ‘भंगीदास’ म्हणत. हेतू नम्रतेचा : गुरूच्या दारी झाडू मारणारा. जाट कुटुंबातला माणूस हे बिरूद लावतो तेव्हा ती नम्रता असते. ज्याची आजी खरोखर मैला वाहायची, त्याने लावलं तर ते काय असतं? शिवाय गादीवर कोण, तेही पाहा. गुरमीत सिंग राजस्थानातल्या श्रीगंगानगर जिल्ह्यातल्या जाट शीख कुटुंबातला. पाया आपला, गादी त्यांची.

आता ‘कल्ट’ या शब्दाकडे येते.

युरोपात समाजशास्त्रज्ञांपुढे चर्च होतं. वेबर, ट्रोल्च यांनी चर्च आणि त्यातून फुटलेला सेक्ट अशी मांडणी केली. कशातूनही न फुटता नव्यानेच उगवलेल्या गटासाठी ‘कल्ट’ हा कप्पा नंतर अमेरिकेत रूढ झाला. नोव्हेंबर १९७८ मध्ये गयानातल्या जोन्सटाउनमध्ये नऊशेहून अधिक माणसं मेल्यावर तो शब्द वर्गीकरणाचा राहिला नाही, भीतीचा झाला. अशा गटांत गेलेल्यांचं ‘ब्रेनवॉशिंग’ होतं, हा समज तेव्हाचा. ब्रिटनमध्ये आयलीन बार्कर यांनी युनिफिकेशन चर्चचा अभ्यास केला, १९८४ मध्ये पुस्तक आलं. त्यात दिसलं ते वेगळंच : शिबिरांना गेलेल्यांपैकी फार थोडे सदस्य झाले, आणि झालेल्यांपैकीही अनेक आपण होऊन बाहेर पडले. तेव्हापासून बरेच अभ्यासक ‘नवी धार्मिक चळवळ’ असा सौम्य शब्द वापरतात. मला तो जरा जास्तच सौम्य वाटतो. बलात्काराच्या खटल्यापुढे तो शब्द इस्त्री केलेला दिसतो.

आपल्याकडे तर चर्चच नाही. कोणापासून फुटल्याचं मोजायचं? मग मोजतं कोण, तर ज्याचा आवाज मोठा तो. गुरूच्या पायाचं तीर्थ पिणं, गादी आणि तिची मालमत्ता, गुरूला देव मानणं, या गोष्टी उच्चवर्णीय मठांतही आहेत. तिथे तिला परंपरा म्हणतात.

धर्माचं लेबल कोण, कशासाठी लावून घेतं याचं एक उदाहरण कायद्याच्या पुस्तकात आहे, आणि ते आपल्या मुलांना शिकवायला हवं. जानेवारी १९४८ मध्ये अहमदाबादच्या स्वामीनारायण मंदिराच्या सत्संगींनी दावा लावला. म्हणणं असं की आम्ही हिंदू नाही, वेगळा धर्म आहोत. का? तर मंदिरप्रवेशाचा कायदा हिंदू मंदिरांना लागू होता आणि महागुजरात दलित संघाचे अध्यक्ष मूलदास वैश्य दलितांसह मंदिरात जाणार होते. दलितांना दाराबाहेर ठेवण्यासाठी नवा धर्म व्हायची तयारी! सर्वोच्च न्यायालयाने १४ जानेवारी १९६६ ला, सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या निकालात, तो दावा फेटाळला. त्यांना कल्ट म्हटल्याचं कोणी ऐकलंय? मीही नाही.

मराठीत आपल्याकडे एक शब्द आहे, बुवाबाजी. मला तो ‘कल्ट’पेक्षा नेमका वाटतो. दगाबाजी, फसवेबाजी तशी बुवाबाजी. बुवा काय करतो त्याला नाव आहे, त्याच्यासमोर बसलेल्या बाईला नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर जो आला, कृत्यांची यादी करतो. पंथांची करत नाही. पण या शब्दात एक उणीव आहे. त्यात एकच लबाड माणूस दिसतो. त्याच्यामागची जमीन, वसतिगृहं, पहारे, मतं दिसत नाहीत. सिरसा समजायला ते सगळं लागतं.

म्हणून त्या पत्राकडे जाऊ. २००२ मध्ये एका साध्वीने पंतप्रधान वाजपेयींना निनावी पत्र लिहिलं. गुरूने बोलावून घेऊन काय केलं, इतर मुलींचं काय होतं, हे त्यात होतं. सिरसाच्या ‘पूरा सच’ या छोट्या सायंदैनिकाचे संपादक रामचंद्र छत्रपती यांनी ते छापलं. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सप्टेंबरमध्ये चौकशी सीबीआयकडे दिली. ऑक्टोबरमध्ये छत्रपतींवर गोळ्या झाडल्या गेल्या, नोव्हेंबरमध्ये ते वारले. त्याआधी जुलैत, पत्र पसरवल्याचा संशय ज्याच्यावर होता त्या रणजित सिंह या डेऱ्याच्याच कार्यकर्त्याचा खून झाला होता. खुनांचे खटले वेगळे चालले. रणजित सिंह प्रकरणातली जन्मठेप उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली. त्यात मी आज शिरत नाही. माझा मुद्दा त्या मुलींचा आहे.

त्या पळून का गेल्या नाहीत? भिंती होत्या, पहारा होता, पण मुख्य कुलूप घरी होतं. साध्वी होणाऱ्या मुलीचं अख्खं घर बहुतेक वेळा प्रेमी असतं. बापानेच तिला आणून सोडलेलं असतं, अभिमानाने. ती घरी जाऊन ‘पिताजीं’बद्दल, म्हणजे गुरूबद्दल, बोलली तर बापाला दोनपैकी एक खोटं मानावं लागणार : मुलगी, नाहीतर त्याच्या आयुष्यातली एकमेव जागा जिथे त्याला माणूस म्हणून नाव मिळालं. ज्याच्याकडे गुरुद्वाऱ्याची समिती आहे, जमीन आहे, गावात दुसरी बैठक आहे, तो डेरा सोडून उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. ज्याच्याकडे डेऱ्याशिवाय पत्ताच नाही, त्याला सोडणं परवडत नाही. डेऱ्याने या लोकांना जे खरं दिलं, त्याच्याच जोरावर त्यांच्या मुलींचं तोंड बंद राहिलं. हे दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय सिरसा कळत नाही. आपल्यातले काही मित्र पहिलं सांगून थांबतात, कारण दलितांची बदनामी नको. टीव्हीवाले दुसरंही धड सांगत नाहीत. त्या साध्वीही प्रेमी होत्या, हे दोघेही विसरतात.

तेव्हा कल्ट ठरवायचं तर श्रद्धा काय आहे हे मी विचारणार नाही. गुरूच्या अंगात देव आला की नाही, हा माझा प्रांत नाही. मी विचारेन : सोडून जाणाऱ्याला काय गमवावं लागतं? आतल्या बाईची तक्रार ऐकणारं, गुरूला न विचारता चालणारं कोणी आहे का? पैशाचा हिशेब कोण पाहतो? गावातल्या आठवड्याच्या नामचर्चेत माणसं येतात-जातात, निकालानंतर कित्येकांनी जाणं बंदही केलं. सिरसाच्या आतल्या वर्तुळात या प्रश्नांची उत्तरं भीषण आहेत. शब्द तिथे लागतो, तिथेच लावावा.

बाहेरच्यांनी हे प्रश्न विचारले का? डेऱ्याविरुद्ध पंजाब पेटला तो मे २००७ मध्ये, राम रहीमने गुरू गोविंदसिंगांसारखा पोशाख केल्यावर. अकाल तख्ताने सामाजिक बहिष्कार पुकारला, माळव्यात दंगली झाल्या. शिखांच्या भावना दुखावल्या हे खरंच होतं. पण साध्वीचं पत्र तेव्हा पाच वर्षांचं झालं होतं. पत्रावर इतका पंजाब पेटला नव्हता.

आणि राज्यसंस्था? २००७ मध्ये डेऱ्याने पंजाबात काँग्रेसला पाठिंबा दिला, २०१४ मध्ये हरियाणात भाजपला. शिक्षा झाल्यावरही दार उघडंच. फेब्रुवारी २०२२, पंजाबची निवडणूक तोंडावर : फर्लो. ऑक्टोबर २०२४, हरियाणाचं मतदान तीन दिवसांवर : पॅरोल. जन्मठेपेचे साधे कैदी आईच्या अंत्यविधीला चार दिवस मिळावेत म्हणून अर्ज करत राहतात. सत्ताधारी पक्षाचे लोक त्याच्या ऑनलाइन सत्संगाला हात जोडून बसले, त्यांना अंधभक्त कोणी म्हटलं नाही. ते ‘समीकरण’ होतं.

एक सावधगिरी. ‘डेरा’ शब्द आला की वर्तमानपत्रं सगळे एका पोत्यात भरतात. जालंधरजवळचा डेरा सचखंड बल्लां वेगळा. २००९ मध्ये व्हिएन्नात संत रामानंद यांचा खून झाला, आणि पुढच्या जानेवारीत वाराणसीच्या सीर गोवर्धनपूरला या लोकांनी रविदासिया हा स्वतंत्र धर्म आणि अमृतबाणी हा स्वतंत्र ग्रंथ जाहीर केला. गादी तिथेही आहे, म्हणून माझे तीनही प्रश्न तिथेही विचारायचे. पण तिथे गादीवर आणि पायात एकच समाज आहे, आणि हातात ग्रंथ आहे, कोणालाही उघडता येणारा.

आपल्याकडे हे प्रश्न विचारण्याची सवय जुनी आहे. १८७३ मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला तो देव आणि माणूस यांच्यामधला दलाल हटवण्यासाठी. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल धोक्याची सूचना दिली. आणि १९५६ मध्ये त्यांनी निवडलेला धम्म असा, की ज्याच्या संस्थापकाने स्वतःसाठी देवपद ठेवलं नाही आणि मागे वारसही नेमला नाही. माळव्यातल्या मजुराला हा पर्याय कोणी नीट नेऊन दाखवला का? बाबासाहेबांचा फोटो आता तिथल्या घरांत दिसतो, कधीकधी राम रहीमच्या फोटोच्या शेजारीच. हसू नका. दोन्ही फोटो लावणाऱ्या त्या घराशी बोलायला आपल्यातलं कोण जातं, हे मला विचारायचं आहे.

तुमच्यापैकी जे यावर प्रबंध लिहिणार आहेत त्यांनी ‘कल्टचे अनुयायी’ असं लिहू नये. ‘डेऱ्याचे अनुयायी’ लिहा, आणि गुन्हा लिहिताना कलमासकट, आरोपीच्या नावासकट, स्पष्ट लिहा. त्या दोघींची नावं शोधत बसू नका. खटला पंधरा वर्षं चालला, इतर मुली मागे हटल्या, त्या दोघी साक्षीवर ठाम राहिल्या, एवढं पुरेसं आहे.

आता प्रश्न घेऊ. पंजाब-हरियाणातून आलेल्या मित्रमैत्रिणींनी आधी बोलावं.