परतलेल्या मुलाची शाळा

(पालक-शिक्षक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



दहा-बारा वर्षे अमेरिकेत काढून एखादे मराठी कुटुंब पुण्या-ठाण्यास परतते, तेव्हा त्याचे सर्वत्र स्वागत होते. आजी-आजोबांना नातवंडे मिळतात, देशाला अनुभवी अभियंता मिळतो. या आनंदात एका व्यक्तीला मात्र कोणी विचारलेले नसते. आई-वडिलांच्या दृष्टीने ते परतणे असते; त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते स्थलांतर असते. जे गाव कधी सोडलेच नाही, त्या गावी परतायचे तरी कसे? त्याचा जन्म न्यू जर्सीतला, अक्षरओळख तिथली, जिवलग मित्र तिथले. भारत हा त्याच्या लेखी दोन वर्षांतून एकदा तीन आठवडे यायचा देश. तेथे शाळा नसते आणि सर्वजण कौतुकच करतात. त्याच देशात आता गणवेश चढवून वर्गाच्या दारात उभे राहायचे असते.

त्यातही वेळ चुकते. न्यू जर्सीतील शाळा जूनच्या अखेरीस संपते. आपल्याकडील शाळा तोवर सुरू झालेली असते. मुलाची उन्हाळ्याची सुट्टी बुडते, आणि तो वर्गात पोहोचतो तेव्हा बाकांवरील जागा आणि मधल्या सुट्टीतील डब्यांचे गट ठरून गेलेले असतात.

पहिल्याच दिवशी प्रतिज्ञा होते. आपली मुले उजवा हात समोर धरतात. या मुलाचा हात सवयीने छातीवर जातो, कारण अमेरिकेतील शाळेत रोज सकाळी ध्वजासमोर तसेच उभे राहायची रीत आहे. वर्ग हसतो. क्वचित एखाद्या शिक्षकालाही तो राष्ट्रीय भावनेचा अभाव वाटतो. वास्तविक अमेरिकेतील मुलेही पूर्वी ध्वजाकडे हात पसरूनच प्रतिज्ञा म्हणत. तो अभिवादनाचा प्रकार हिटलरी अभिवादनासारखा दिसू लागला, म्हणून १९४२ साली हात छातीवर आला. तेव्हा हात कोठे आहे यावरून नऊ वर्षांच्या मुलाची देशभक्ती मोजण्याचे कारण नाही. आठवडाभरात इतरांकडे पाहून तो आपोआप हात पुढे करील. आपल्या देशावर त्याचे प्रेम जडायचे की नाही, हे त्या आठवड्यात वर्ग त्याच्याशी कसा वागला यावर अधिक अवलंबून राहील.

दुसरा प्रसंग बाईंशी बोलण्याचा. घरात त्याने ऐकलेली मराठी म्हणजे आईबाबांची, आणि फोनवरची आजीची. आई त्याला ‘तू’ म्हणते, तो आईला आणि आजीला ‘तू’ म्हणतो. ‘अहो, तुम्ही’ म्हणावे असे माणूस त्या घरात फारसे आलेलेच नाही. इंग्रजीत तर सर्वांना एकच सर्वनाम. मग तो सरळ बाईंना विचारतो, ‘तू माझी वही तपासली का?’ हा उद्धटपणा नव्हे. आदरार्थी रूप हे व्याकरणाच्या पुस्तकातून येत नाही, ते माणसांच्या राबत्यातून येते. ज्या शिक्षिका हे ओळखतात, त्या हसून ‘तपासलीत का म्हण’ एवढेच सांगतात आणि पुढे जातात.

गणितात हे मूल हुशार असले तरी अडखळते. लाखाचा स्वल्पविराम येथे वेगळ्या जागी पडतो. भागाकाराची मांडणी बदलते. तेथे भागाकार वर लिहितात, येथे उजवीकडे. संख्यांची मराठी नावे तर स्वतंत्र परीक्षाच आहे. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, हे सांगितल्यावाचून कसे कळावे? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ वाचण्याची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! त्या वादात कोणाचीही बाजू घ्यावी, पण परदेशातून आलेल्या मुलाला ती जोडाक्षरी नावे नेमकी कोठे टोचतात, हे त्या निमित्ताने पुष्कळांच्या ध्यानात आले. शिवाय सव्वा, दीड, पावणेदोन आहेतच. हस्ताक्षराचेही तसेच. अमेरिकेतील अनेक शाळांतून जोडून लिहिण्याचा सराव मागे पडला आहे. येथे सुटी अक्षरे काढली की आळशीपणाचा शेरा मिळतो.

आणि मग तो गप्प होतो. घरी बडबड्या असलेला मुलगा शाळेत आठवडेच्या आठवडे तोंड उघडत नाही. आई घाबरते, डॉक्टरांकडे नेण्याची भाषा सुरू होते. नव्या भाषेत पडलेली मुले प्रारंभी अशी मौनात जातात, हे भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. त्या काळात मूल ऐकत असते, साठवत असते. अर्थात घरीही बोलणे, जेवणे, झोप बिघडली असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा तज्ज्ञाला दाखवावेच. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरितांच्या मुलांविषयी एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. मैदानावर बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तकातील भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठण्यास मात्र पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे मुलगा मित्रांशी मराठीत भांडू लागला, म्हणून इतिहासाच्या धड्यातील ‘सार्वभौमत्व’ त्याला समजले असे होत नाही. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, हे योग्यच झाले. परंतु सक्तीबरोबर सवडही द्यावी लागते. चौथीत आलेल्या मुलाला पहिलीचे पुस्तक हाती देण्यात कमीपणा मानू नये.

श्री अरविंदांचे उदाहरण येथे आठवते. मुलांवर भारतीय संस्कारांचा स्पर्श होऊ नये, असा त्यांच्या वडिलांचा आग्रह होता. सातव्या वर्षी, १८७९ साली, ते इंग्लंडला गेले आणि १८९३ साली एकवीस वर्षांपूर्वीच बडोद्यास परतले, तेव्हा ग्रीक-लॅटिनमध्ये पारंगत असलेल्या या तरुणाला मातृभाषा बंगाली जवळजवळ परकी होती. पुढे बडोद्यातच त्यांनी संस्कृत आणि बंगालीचा अभ्यास केला, मराठी-गुजरातीही शिकले. बंगाली बोलण्याच्या सरावासाठी दीनेंद्रकुमार राय यांना घरी राहण्यास बोलावले. म्हणजे एवढ्या बुद्धिमान माणसालाही पुस्तकांखेरीज घरात बोलणारे माणूस लागले. आपल्या घरातील आजी हे काम विनावेतन करील. फक्त ती नातवाशी मोडक्या इंग्रजीत बोलू लागते, ते तिने करू नये.

शिक्षकांकडून अपेक्षा थोडी आहे. ‘हा अमेरिकेहून आला आहे’ असे सांगून त्याला मंचावर उभे करू नये. त्याच्या उच्चारांचे प्रदर्शन किंवा थट्टा दोन्ही सारखीच जाचक. ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद त्याच्या कानाला प्रारंभी कळतच नाही, हे लक्षात ठेवावे. शेजारी बसण्यास एक शांत, बोलघेवडा नसलेला मुलगा द्यावा. आणि तो मधेच हात वर करून ‘असे का?’ विचारतो, तेव्हा त्याला खाली बसवू नये. ती सवय इतर चाळीस जणांनी त्याच्याकडून घेतली तर बिघडणार नाही.

पालकांचा एक हट्ट मात्र सोडवला पाहिजे. जुन्या मित्रांशी बोलत राहिला तर येथे रमणार नाही, म्हणून पुष्कळ घरांत तो संपर्क तोडला जातो. शनिवारी रात्री आठ वाजता येथून फोन लावला, तर न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. तेथील मुलगा नुकता न्याहारी करून बसलेला असतो. अर्धा तास बोलू द्यावे. कोणी सांगावे, नव्या शाळेतील पहिली तक्रार आणि पहिले कौतुक, दोन्ही तो आधी त्यालाच सांगत असेल.