अर्ध्या गोष्टीचा शेवट कोणी करायचा?

 

स्कॉट फिट्झगेराल्ड १९४० च्या डिसेंबरात गेला, तेव्हा जुन्या हॉलिवूडवरची त्याची 'द लास्ट टायकून' अर्धीच होती. स्टुडिओ चालवणारा नायक स्टार विमान अपघातात मरणार, असं टिपणांत होतं. १९७६ च्या सिनेमात हॅरॉल्ड पिंटर आणि एलिया कझान यांनी तो अपघात घेतलाच नाही. रॉबर्ट डी निरो रिकाम्या स्टुडिओच्या अंधारात चालत जातो, बस्स. बऱ्याच जणांना हे अधुरं वाटतं.

मला नाही वाटत. टिपण म्हणजे कच्चा विचार. लेखक जगला असता तर उद्या खोडलाही असता.

पुढच्याच वर्षी आपल्याकडे 'भूमिका' आला, हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वरून. त्या १९७१ मध्येच गेल्या होत्या. पण बेनेगलांनी मरण दाखवलं नाही. हॉटेलच्या खोलीत एकटी उषा, वाजणारा फोन. संपलं.

आम्हा कोडवाल्यांचे हात रिकामी जागा दिसली की शिवशिवतात. पण विचारायला माणूसच उरला नसेल, तर आपल्या मनातला शेवट त्याच्या नावावर कशाला खपवायचा? दार उघडं ठेवलेलं बरं.

दोन्ही सिनेमे पाहा. तुम्ही काय केलं असतं, ते नक्की कळवा. भेटूच!