चिलापी धरा, मरळ राखा



मासे धरणे हे ढिवर-भोई बांधवांचे काम, शेतकऱ्याचा त्यात काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. 2016 साली सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढली आणि तेव्हापासून आपल्याकडे वावरावावरात तळी दिसू लागली. त्या तळ्यात कोणते मत्स्यबीज सोडायचे हे आता वावराचा मालक ठरवतो. आणि पावसाळ्यात तळे सांडले म्हणजे त्यातला मासा धुरा ओलांडून नाल्यात जातो, नाल्यातून धाम, बोर नाहीतर वणा नदीला मिळतो आणि शेवटी वर्धा नदीत पोचतो. पुढे वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी. एका तळ्यातली चूक किती दूर जाते बघा.

तर प्रश्न असा आहे. बाहेरून आलेला मासा आपल्या पाण्यात माजला आहे. तो लहान असो, मोठा असो, कितीही धरायला मोकळीक द्यावी काय? तसे केले तर आपला देशी मासा वाचेल काय?

हा वाद आपल्याच देशात आहे असे समजू नका. अमेरिकेच्या पश्चिम भागात कोलंबिया नावाची मोठी नदी आहे. तिथला घरचा मासा म्हणजे सामन. तो समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत उलटा चढतो. आपल्याकडे मिरगाच्या पहिल्या पुरात मासा चढतो ना, तसाच, पण शेकडो मैल. त्याच नदीत लोकांनी हौसेने गळ टाकायला म्हणून दुसरीकडचा बास मासा आणून सोडला. सामनची पिल्ले समुद्राकडे निघाली की बास त्यांना गिळतो. म्हणून वॉशिंग्टन राज्यात 2019 साली कायदा झाला, की जिथे सामन आहे त्या पाण्यात बास धरण्यावरची मर्यादा सैल करावी. बासचे शौकीन नाराज झाले. ते म्हणाले, सामन कमी झाला तो नदीवर बांधलेल्या धरणांमुळे, आमच्या माशाला कशाला दोष देता? त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहेच. पण धरण काही उद्या पाडता येत नाही, मासा मात्र उद्या धरता येतो.

आता आपल्या घरचे पाहू. आपल्याकडचा बास म्हणजे तिलापिया. पुणे-सोलापूरकडे हिला चिलापी म्हणतात. 1952 साली ही भारतात आणली. गरिबाला स्वस्त मासा मिळावा हा हेतू, आणि तो वाईट नव्हता. पण सात वर्षांतच, 1959 साली, हिचा आणखी प्रसार करू नये असे मत्स्यसंशोधन समितीला ठरवावे लागले. तोवर ती पाण्यात पसरली होती. भीमेवरच्या उजनी धरणात आज काय स्थिती आहे ते भिगवण-इंदापूरच्या बाजारात जाऊन बघावे. पाटीमागून पाटी चिलापीची. खाणारा आवडीने खातो, मच्छीमाराची चूलही तिच्यावर पेटते. म्हणून मी तिला नुसती शिवी देणार नाही.

पण हिचा स्वभाव समजून घ्या. रोहू, कटला, मृगळ हेही तसे गंगेच्या खोऱ्यातले पाहुणेच, पण ते तळ्याच्या उभ्या पाण्यात वीण घालत नाहीत. जेवढे बी सोडाल तेवढेच राहते. चिलापीचे तसे नाही. ती तीन महिन्यांची झाली, बोटभर-वीतभर झाली, की अंडी घालू लागते. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लेही धोका दिसला की आईच्या तोंडात शिरतात. त्यामुळे मरतूक थोडी. उन्हाळी गरम पाण्यात महिना-दीड महिन्याने पुन्हा वीण. अशाने तळे भरून जाते, सगळ्यांना खाणे अपुरे पडते आणि मासा बोटभरच राहतो. बाजारात त्याला भाव नाही, आणि दुसऱ्या माशाला जागा नाही.

म्हणून चिलापीला 'लहान आहे, सोडून द्या' हा नियम लावण्यात काही अर्थ नाही. ती लहान दिसते तेव्हाच लेकुरवाळी असते. लहान असो की मोठी, कितीही असो, धरू द्यावी. माझे मत अगदी स्पष्ट आहे: चिलापीवर कोणतीही मर्यादा नको.

पण इथेच गफलत होते, बरं का. लहान चिलापी धरायची म्हणून कोणी मच्छरदाणीसारखे बारीक जाळे तळ्यात ओढतो. त्या जाळ्याला चिलापी कोणती आणि मरळाचे पिल्लू कोणते हे कळत नाही. वाम, शिंगाळा, रोहू-मृगळची बोटुकली, झिंगे, सारे एका ढिगात काठावर येते आणि मरते. सूट माशाला द्यायची, जाळ्याला नाही. चिलापी वेचून धरायचे उपाय आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की नर चिलापी उथळ काठाला तळाच्या चिखलात ताटलीसारखे गोल खळगे करतो. तिथे फेकजाळे मारा. फेकजाळ्यातला मासा जिवंत हाती येतो, तेव्हा चिलापी टोपलीत टाका आणि बाकीचे तिथल्या तिथे पाण्यात सोडा. पोरांनी कणकेचा गोळा गळाला लावून धरली तरी चालेल. मात्र तलाव सहकारी संस्थेच्या ठेक्यात असेल तर आधी संस्थेला विचारा. त्यांनी बियाण्यावर पैसा घातलेला असतो.

आता मरळाविषयी. चिलापीच्या पिल्लांवर ताव मारणारा आपल्या पाण्यातला गडी म्हणजे मरळ. मरळ राखला तर चिलापी आपोआप आटोक्यात राहायला मदत होते. पण आपण काय करतो? पावसाळ्यात काठच्या गवतात मरळाचे घरटे असते. पिल्ले निघाली की लालसर रंगाचा पुंजका पाण्यावर एकत्र फिरताना दिसतो, आणि खाली आई-बाप राखण करत असतात. ते आपले ठिकाण सोडत नाहीत, म्हणून गळाला चटकन लागतात. बाप गेला की शेकडो पिल्ले उघडी पडतात, आणि त्यांना खायला चिलापी तयारच असते. एका जेवणासाठी सबंध वीण गेली. लाल पुंजका दिसला तर तिथे गळ टाकू नका, पोरांनाही सांगून ठेवा. तेच चढाच्या माशांचे. पोटात गाभोळी घेऊन नाल्याने वर चढणारा मासा पहिल्या पुरात अडवून धरला, तर पुढच्या साली चढायला कोण येणार? सूट पाहुण्याला द्या, घरच्याला पावसाळाभर अभय द्या.

अर्थात सारा दोष चिलापीचा नाही. कपाशीवर, सोयाबीनवर फवारणी करून पंप नाल्यात धुतला तर मरळाला चिलापीची गरजच उरत नाही, तो आपल्याच हाताने मेला. पंप वावरात धुवा, धुतलेले पाणी पडीत जागेत जिरवा, डबे नाल्यात फेकू नका.

चिलापीपेक्षा वाईट पाहुणा म्हणजे आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात. याच्या पालनावर 2000 सालापासून देशात बंदी आहे, आणि 2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने तो नष्ट करण्याचा हुकूम दिला. तरी कोणी एजंट घरी येतो आणि सांगतो, काहीही खातो, झपाट्याने वाढतो, मरत नाही. खरे आहे, मरत नाही. तो हवेत श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. तिथे जो मासा तोंडात मावेल तो खातो. देशी मागूर साधारण हातभराच्या आत राहतो, हा मात्र माणसाच्या उंचीजवळ जाऊ शकतो. ओळखायची खूण अशी: डोक्याच्या हाडाची मागची कड पाहा. देशीची कड मागे एकाच टोकाने निमुळती होते, आफ्रिकनची मधे खोबणी पडून दोन टोकांची दिसते. जाळ्यात आला तर पुन्हा पाण्यात सोडू नका, मारून पुरा आणि वर्ध्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळवा.

शेवटी शेततळ्याचे. 1971 साली हिमाचल प्रदेशात पुरामुळे एका मत्स्यपालन केंद्रातला चंदेरी मासा, म्हणजे सिल्व्हर कार्प, गोविंदसागर जलाशयात निसटला. पुढे तिथल्या जाळ्यांत कटला कमी आणि चंदेरीच जास्त येऊ लागला. कोणी मुद्दाम सोडला नव्हता. म्हणून तळ्याच्या सांडव्याला बारीक छिद्रांची जाळी बसवा आणि पावसाळ्यात दर आठ दिवसांनी तिच्यातला पालापाचोळा काढा, नाहीतर पाणी काठावरूनच जाईल. बी सरकारी किंवा खात्रीच्या केंद्रातूनच घ्या, आणि पिशवीत दुसरी बोटुकली मिसळली आहेत काय ते पांढऱ्या घमेल्यात ओतून पाहा. चिलापी पाळायचीच असेल तर परवानगी घेऊन, एकलिंगी बियाणे घेऊनच पाळा.

तळ्यात आधीच चिलापी शिरली असेल तर मे महिन्यात तळे आटू द्या आणि चिखल तडकेपर्यंत थांबा. एखाद्या डबक्यात चार माशा उरल्या तरी पोळ्यापर्यंत तळे पुन्हा भरेल. आटणारे नसेल तर मोहाची पेंड वापरतात. एक हेक्टर तळ्यात एक मीटर पाणी असेल तर सुमारे 2,500 किलो पेंड लागते. म्हणजे गुंठ्याला 25 किलो. तिने तळ्यातला प्रत्येक मासा मरतो, म्हणून आधी देशी मासे काढून दुसरीकडे ठेवा, सांडवा पक्का बंद करा, तीन आठवडे त्या पाण्यावर जनावर जाऊ देऊ नका आणि नंतरच नवे बी सोडा. पेंडीचे पुढे तळ्याला खत होते. हे काम पहिला पाऊस पडायच्या आत उरकले पाहिजे. पाणी वाहते झाल्यावर पेंड टाकली तर नाल्यातला मरळही त्यात जाईल.