त्या १३१ पेशी

रत्नागिरीतून पुन्हा एकदा. मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय, तेवढं चालवून घ्या.

आमच्याकडे या दिवसांत डबक्यांत बेडकाची शेपटीवाली पिल्लं वळवळतात. पुढे शेपटी जाते, कारण तिच्यातल्या पेशी ठरलेल्या वेळी स्वतःहून मरतात. हा मृत्यू कोणत्या जनुकांच्या हातात असतो, ते कळलं एका मिलिमीटरभर कृमीमुळे. नाव सी. एलिगन्स. (मुंबईत टीआयएफआरमध्ये संध्या कौशिका यांची लॅब याच कृमीवर काम करते, पण चेतापेशींतल्या वाहतुकीवर. तो विषय पुन्हा कधीतरी.)

कृमी पारदर्शक, त्यामुळे जिवंतपणीच आतल्या पेशी दिसतात. जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक पेशी कुठून आली ते नोंदवलं. शरीराच्या १०९० पेशी तयार होतात, १३१ मरतात, ९५९ उरतात. आणि दरवेळी त्याच १३१! मी कोड लिहिणारा माणूस, मला हे वाचून जागचं उठवेना.

मग रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या गटाने बिघाड असलेले कृमी शोधले. सेड-३ किंवा सेड-४ हे जनुक बंद पडलं की मरायच्या पेशी जगतात, आणि कृमीचं तरीही बरं चालतं. सेड-९ बंद पडलं तर मात्र जगायच्या पेशीही मरतात. कारण सेड-९ हे सेड-४ ला धरून ठेवतं. वेळ आली की ईजीएल-१ येऊन ती पकड सोडवतं, सेड-४ मोकळं होऊन सेड-३ ला जागं करतं, आणि सेड-३ पेशीतली प्रथिनं कापायला घेतं. या कामाला २००२ चं नोबेल मिळालं, सिडनी ब्रेनर यांच्यासह तिघांना.

आपल्यात सेड-९ चा भाऊबंद म्हणजे बीसीएल-२. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये तो इतका वाढतो की मरायच्या पेशी मरतच नाहीत. माझ्या आत्याला अशाच आजारासाठी वेनेटोक्लॅक्सची गोळी सुरू झाली. तिने विचारलं, "अरे, हे विष आहे का?" मी म्हटलं, आत्या, त्या पेशींचं अडलेलं मरण ही गोळी मोकळं करते. कृमीत ईजीएल-१ करतं, तेच काम.

डोस मात्र २० मिलिग्रॅमपासून आठवड्याआठवड्याने ४०० पर्यंत नेतात. एकदम खूप पेशी मेल्या तर त्यांचा कचरा मूत्रपिंडावर येतो. म्हणून भरपूर पाणी आणि वेळच्या वेळी रक्ततपासणी. आत्याचा सध्या तिसरा आठवडा चालू आहे.