दुसरी आवळणी

मिनी ट्रॅक्टरच्या चाकाचे बोल्ट हा व्याख्यानाचा विषय कसा, असं पत्रिका वाचून काहींच्या मनात आलं असेल. वीस-पंचवीस अश्वशक्तीचं हे यंत्र आज नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतून आणि सोलापूरकडच्या डाळिंबांतून ब्लोअर नाहीतर रोटाव्हेटर घेऊन फिरतं, आणि त्याचं मागचं चाक एक्सलला धरून ठेवायला मोजकेच बोल्ट असतात. ते ढिले झाले की ठरलेला शेरा येतो : ‘नीट आवळले नव्हते.’ माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. पुष्कळदा ते नीटच आवळलेले असतात, फक्त एकदाच आवळलेले असतात. चाक बसवताना होते ती अर्धी जोडणी. उरलेली अर्धी चाक काही तास मातीत चालल्याशिवाय करताच येत नाही, आणि ती कुणी करायची हे आपल्याकडे ठरलेलं नसतं.

बोल्ट चाक धरतो म्हणजे काय, ते आधी पाहू. आपली समजूत अशी की बोल्ट ही खुंटी आहे आणि चाक तिच्यावर अडकलंय. तसं असतं तर बोल्ट थोडा सैल असूनही काम भागलं असतं. प्रत्यक्षात आवळताना बोल्ट ताणला जातो, त्या ताणामुळे चाकाची डिस्क एक्सलच्या फ्लँजवर दाबली जाते, आणि सगळा भार वाहतं ते या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. उदाहरणादाखल हिशेब मांडतो. बोल्ट 14 मिलिमीटरचा आणि डोक्यावर 8.8 कोरलेला, म्हणजे तुटण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन आणि कायमचा लांबण्याची मर्यादा 640. आटे कोरडे आणि स्वच्छ असताना तो 140 न्यूटन-मीटरला आवळला की साधारण पाच टनांचा दाब मिळतो. असे सहा बोल्ट म्हणजे तीस टन. घर्षणाचा गुणांक 0.15 धरला तरी डिस्क सरकवायला साडेचार टनांचा जोर हवा. या आकाराच्या ट्रॅक्टरचं चाक जमिनीवर पूर्ण पकड घेऊन ओढतं, तेव्हा या जोडावर येणारा पीळ त्या क्षमतेच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाचा असतो. म्हणजे तिप्पट राखीव आहे. मग बिघडतं कुठे?

बिघडतं बोल्टच्या लांबीत. डिस्क आणि फ्लँज मिळून बोल्ट जेमतेम 20 मिलिमीटर जाडी कवेत घेतो. एवढा आखूड बोल्ट पाच टनांनी ताणला तर लांबतो किती? 0.04 मिलिमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी. तीस टनांची ती सारी पकड एवढ्याशा लांबण्यावर उभी असते. आता नवीन डिस्कवरचा रंगाचा थर पाहा : तोच अनेकदा 0.05 मिलिमीटर किंवा जास्त असतो. शिवाय फ्लँजवरचा गंज, चिकटून राहिलेली चिखलाची पापडी, पत्र्यावरचे बारीक उंचवटे. चाक चालू लागलं, खड्ड्यात आदळलं, की हे सगळं दबतं, चुरतं. ते 0.02 मिलिमीटर दबलं तरी निम्मी पकड गेली, आणि नट मात्र सूतभरही फिरलेला नसतो. काही फिटर नटावरून डिस्कवर रंगाची रेघ ओढतात, रेघ जुळतेय म्हणजे नट जागेवर आहे. खूण उपयोगी आहे, पण ती फक्त फिरणं दाखवते. ताण गेला हे तिला कळत नाही.

पुढचा टप्पा गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली मांडला. जोडलेले पृष्ठभाग बोल्टला आडवे असे पुढेमागे सरकू लागले, की आट्यांमध्येही घसरण सुरू होते, नटाला धरून ठेवणारं घर्षण संपतं आणि तो आपणहून उलटा फिरतो. म्हणजे क्रम असा : आधी दबणं, मग ताण जाणं, मग डिस्क सरकणं, आणि शेवटी नट फिरणं. आपण जागे होतो शेवटच्या पायरीला. खरं तर त्याआधीची खूण दिसते : नटाखालून तांबूस भुकटीचा ओघळ उतरतो. तो धातूवर धातू घासल्याचा कीस असतो.

म्हणून सगळं दबून झाल्यावर पुन्हा आवळणं आलं. त्यावर पहिला आक्षेप येतो तो पाइपवाल्यांचा : पान्याला दीड मीटरचा पाइप लावून अंग टाकलं की पुन्हा बघायला नको. साठ किलोचा माणूस असा लटकला तर जवळजवळ 880 न्यूटन-मीटरचा पीळ बसतो, हवा त्याच्या सहापट. बोल्ट कायमचा लांबतो, किंवा आटे जातात. आणि एवढं करूनही रंगाचा थर दबायचा तो दबतोच. दुसरा तोडगा स्प्रिंग वॉशरचा. तो पूर्ण ताणाच्या बराच आधी सपाट होतो आणि त्यापुढे साधा वॉशर उरतो. अमेरिकेच्या नासाने 1990 साली काढलेल्या बोल्टजोडांच्या पुस्तिकेतही त्याला कुलूप म्हणून निरुपयोगी ठरवलंय. आट्यांना लावायचा चिकट द्राव नट फिरू देत नाही हे खरं, पण दबण्याने गेलेला ताण तो परत आणत नाही. आटे चिकटले की पुढची आवळणीही फसवी होते. नटाला वेल्डिंगचा टाका मारण्याबद्दल एवढंच की उष्णतेने बोल्टची ताकद जाते आणि पंक्चरच्या दिवशी छिन्नी शोधावी लागते. आट्यांना तेल लावणाऱ्यांनीही जपावं : तेवढ्याच पिळात ताण सुमारे तिसऱ्या हिश्शाने वाढू शकतो, कारण ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतला आकडा सहसा कोरड्या आट्यांचा असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : पीळ मोजणारा टॉर्क पाना महाग, शेतकऱ्याने आणायचा कुठून? पण पीळ म्हणजे जोर गुणिले अंतर. नटाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर पान्याला ताणकाट्याचा आकडा अडकवा, पान्याशी काटकोन राखून ओढा, काटा 28 किलो दाखवेल तेव्हा सुमारे 140 न्यूटन-मीटर झाले. आपल्या ट्रॅक्टरचा आकडा मात्र त्याच्याच पुस्तिकेतून घ्यावा. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळावेत, नाहीतर डिस्क एका बाजूला बसते. निमुळत्या तोंडाचा नट असेल तर ते तोंड डिस्ककडे हवं.

राहिला तो प्रश्न जबाबदारीचा, आणि मला तोच खरा अवघड वाटतो. बागेत ओळींच्या अंतराप्रमाणे चाकं आतबाहेर करावी लागतात. भातपट्ट्यात चिखलणीला केज व्हील चढतं, महिन्याभरात उतरतं. प्रत्येक वेळी जोड उघडतो आणि दबण्याची क्रिया नव्याने सुरू होते. चाक बसवणारा पंक्चरवाला गावात, दबणं होतं शेतात, तेही भाड्याच्या ड्रायव्हरच्या हाताखाली, आणि मालक तालुक्याला. तासावर पैसे मिळणारा ड्रायव्हर पाच मिनिटं थांबेल का? थांबणार नाही, असं गृहीत धरूनच व्यवस्था लावावी लागेल. पाना ट्रॅक्टरच्याच पेटीत हवा, आणि चाक बसवल्यावरची दुसरी आवळणी, तास-दोन तासांनी एकदा आणि मग सुमारे दहा तासांनी, भाड्याच्या बोलीत धरलेली हवी. डिस्क आणि फ्लँजचे टेकणारे भाग तारेच्या ब्रशने घासून, रंगाचे पोपडे काढून चाक चढवलं तर दबायला मुळात कमी उरतं. हे काम मात्र पंक्चरवाल्याचंच.

नट ढिला सापडला तर नुसता आवळून पुढे जाऊ नये. चाक उतरवून भोकं पाहावीत. लंबगोल झालेली डिस्क कितीही आवळली तरी धरत नाही, ती बदलावी. एखादा बोल्ट तुटला असेल तर शेजारच्यांनी त्याचा भार वाहिलेला असतो आणि त्यांना डोळ्यांना न दिसणारी चीर गेलेली असू शकते. म्हणून त्या चाकाचे सगळेच बोल्ट नवे, डोक्यावर तोच आकडा पाहून घ्यावेत, आणि दहा तासांची मोजणी पुन्हा शून्यापासून धरावी.